घटस्फोटानंतर नातवंडांची भेट : आजी-आजोबांचे स्थान आणि आई-वडिलांचा हक्क

घटस्फोट पती-पत्नींमध्ये होतो. परंतु त्याची झळ दोन्हीकडील आजी-आजोबांनाही लागते. बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावात आजी-आजोबा राहतात, मुलगा-सून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत असतात आणि संसार मोडल्यावर नातवंडे मे महिन्याच्या सुट्टीतही गावी येईनाशी होतात. अशा वेळी ‘कायद्याने आम्हांला नातवंडांना भेटण्याचा हक्क आहे का?’ हा प्रश्न धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांकडून विचारला जातो.

कायदा काय सांगतो

आजी-आजोबांना भेटीचा स्वतंत्र हक्क देणारा कायदा भारतात नाही. ख्रिस्ती दांपत्याच्या घटस्फोटास १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होतो. त्याच्या कलम ४१ ते ४४ नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी न्यायालय आदेश देते. या दाव्यात पक्षकार असतात ते पती व पत्नी.

आजी-आजोबांसाठी वाट आहे ती १८९० च्या पालक व पाल्य कायद्याची. कलम ८ प्रमाणे अज्ञान मुलाचा कोणीही नातलग अर्ज करू शकतो. मात्र कलम १९ नुसार वडील किंवा आई हयात असून अपात्र ठरलेली नसतील, तर दुसऱ्यास पालक नेमता येत नाही. कलम १७ मध्ये सर्वांत वरचे स्थान मुलाच्या कल्याणास आहे. मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची इच्छाही विचारात घेतली जाते.

न्यायालयांचे निर्णय

१९७३ साली रोझी जेकब खटल्यात, एका ख्रिस्ती दांपत्याच्या मुलांविषयी निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुले ही आई-वडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. आई-वडिलांच्या हक्काला मुलाच्या हिताची मर्यादा आहे, हे तत्त्व तेव्हापासून दृढ झाले.

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निर्णय आजी-आजोबांनी एकत्र वाचावेत. दोन्ही घटस्फोटाचे नाहीत. परंतु तत्त्व तेथेही लागू पडते. २०२० च्या प्रकरणात वडील निवर्तले होते आणि मुलाने पित्याकडील आजी-आजोबांना भेटण्यास आईची हरकत होती. कुटुंब न्यायालयाने दिलेली भेटीची परवानगी उच्च न्यायालयाने कायम ठेवली. २०२५ मध्ये मात्र आजीजवळ राहत असलेल्या पाच वर्षांच्या नातवाचा ताबा त्याच्या आई-वडिलांकडे देण्याचा आदेश झाला. आजीचा जिव्हाळा तिला आई-वडिलांहून श्रेष्ठ हक्क देत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तात्पर्य, आजी-आजोबांनी भेट मागितली तर तिचा विचार होऊ शकतो. आई-वडील समर्थ असताना ताबा मागितला तर तो मिळणे कठीण.

विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांच्या सहवासाविषयीही मार्गदर्शक सूचना सुचविल्या. त्यांचा कायदा अद्याप झालेला नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका

धर्मनियम ११३६ मुलांच्या संगोपनाचे अतिशय गंभीर कर्तव्य आणि प्रथम हक्क आई-वडिलांकडे सोपवितो. पती-पत्नी विभक्त झाले तरी मुलांच्या पोषण-शिक्षणाची तरतूद झालीच पाहिजे, असे नियम ११५४ सांगतो. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने विवाह अवैध ठरविला, तरी नियम ११३७ मुळे मुलांच्या औरसपणास बाधा येत नाही. मात्र त्या निकालाने दिवाणी घटस्फोट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. मुलांच्या ताब्याचा आदेशही दिवाणी न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतीत्सिया’ (२०१६) मध्ये विभक्त आई-वडिलांना विनविले की मुलाला कधीही ओलीस धरू नये. ही विनवणी आजी-आजोबांनाही तितकीच लागू पडते.

काय करावे

परस्परसंमतीने घटस्फोट होत असेल, तर अटी लिहिल्या जात असतानाच आजी-आजोबांच्या भेटीचा उल्लेख करून घ्यावा : महिन्यातील दिवस, नाताळ व शाळेच्या सुट्ट्या, दूरध्वनीची वेळ. हुकूमनामा झाल्यावर हेच मिळविण्यास स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कलम ९ नुसार तो अर्ज मूल सर्वसाधारणपणे जेथे राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. नातू मुंबईत असेल तर सांगवीच्या आजीला बारामतीत अर्ज करून भागणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी प्रथम तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भेटीत सुनेची वा जावयाची निंदा मुलासमोर करू नये आणि त्याच्याकरवी निरोपही पाठवू नयेत. कागदावर मिळालेली भेट टिकते ती अशा संयमामुळे. आजीकडून परतलेले मूल प्रसन्न असले, तर पुढच्या भेटीस आई किंवा वडील सहसा आडवे येत नाहीत.