बगदादला गेलेला बिब्बा

मावला हे आदिलाबाद शहराला खेटून, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर वसलेलं गाव. उत्तरेला थोडं गेलं की पैनगंगा, आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. राज्यं वेगळी झाली तरी या पट्ट्यातलं रान एकच आहे: साग, मोह, चारोळी, आणि त्यांच्यात मिसळलेला बिब्बा. तेलुगू शेजारी त्याला नल्लजीडी म्हणतात. दारावर लिंबू-मिरचीसोबत ओवलेला काळा बिब्बा, बाळंतिणीच्या लाडवातली गोडंबी, कपड्यावरची परटाची न जाणारी खूण आणि जमत आलेल्या कामात कुणीतरी घातलेला बिब्बा, एवढी त्याची ओळख आपल्याला असते. पण हजार वर्षांपूर्वी हेच फळ बगदादपासून इटलीपर्यंत मेंदूचं औषध म्हणून नावाजलेलं होतं. आज फळांच्या अर्कांनी मेंदूचा दाह शमेल का, यावर जगभर संशोधन चाललं आहे. त्या प्रश्नाचं एक जुनं मूळ आपल्या रानात आहे.

चरकसंहितेच्या रसायन अध्यायात भल्लातक, म्हणजे बिब्बा, मोठ्या मानानं येतो. तो आगीसारखा आहे, अंग पिकवतो. पण विधीनं घेतला तर अमृतासमान, आणि मेधा व अग्नी दोन्ही वाढवणारा, असं चरक सांगतो. तिथला विधी मुळातून वाचावा असा आहे. डाग नसलेली, भरलेली, पिकलेली फळं ज्येष्ठ-आषाढात गोळा करायची. जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत औषध सुरू करायचं: तोंडाला आतून तूप लावून, दहा फळांचा काढा दुधासह. रोज एक फळ वाढवत तीसपर्यंत जायचं, तिथून पुढे नाही, आणि मग उतरत यायचं. पुढच्या वैद्यांनी त्यात शोधन आणलं: देठ कापून फळं विटेच्या भुकटीत घासायची, म्हणजे जाळणारं तेल वीट शोषून घेते. फळाची ताकद आणि फळाचा धोका एकाच रसात आहे हे ओळखून बांधलेली ही शिस्त होती. मला या सगळ्या कथेत तीच सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

भल्लातक इराणमार्गे अरबांकडे गेला आणि 'बलाधुर' झाला. विसराळूपणावरचा तो हुकमी इलाज ठरला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-बलाधुरी नावाचा थोर इतिहासकार होऊन गेला. अरबांच्या विजयांचा इतिहास त्यानं लिहिला. त्याचं आडनावच बिब्ब्यावरून पडलेलं. स्मरणशक्तीसाठी बलाधुर घेतला, तो जास्त झाला आणि वेड लागून 892च्या सुमारास त्याचा अंत झाला, अशी कथा जुने चरित्रकार देतात. काही जण हा प्रकार त्याच्या आजोबांचा मानतात. कथा कुणाचीही असो, औषध किती लोकप्रिय होतं आणि त्याची भीती किती होती, दोन्ही तीतून कळतं. पाठांतर पुन्हा पुन्हा कर म्हणजे बलाधुर लागणार नाही, अशा अर्थाची म्हण मध्ययुगीन ज्यू विद्यार्थ्यांत होती.

पुढे कैरवानच्या इब्न अल-जज्जार या दहाव्या शतकातल्या वैद्यानं विस्मरणावर पुस्तिका लिहिली. अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन आफ्रिकनसनं ती लॅटिनमध्ये नेली, आणि बिब्बा युरोपच्या औषधशाळांत 'अ‍ॅनाकार्डियम' नावानं बसला. त्याच्या पाकाला 'शहाण्यांचा पाक' म्हणत. पुढे युरोपातच त्याला 'मूर्खांचा पाक' म्हणण्याची पाळी आली, कारण तो खाऊन स्मरणशक्ती मिळवण्याऐवजी असलेली गमावणारेही निघाले. ब्राझीलहून काजू आला तेव्हा तसाच दिसणारा म्हणून बिब्ब्याचं हे नाव त्याला लागलं. तेलुगूतही काजू 'जीडीमामिडी'च झाला.

आता रसायनशास्त्राकडे. टरफलातल्या काळ्या रसात भिलावनॉल असतं. ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, शरीर त्या प्रथिनांना परकं समजून हल्ला करतं, आणि बिब्बा उततो. म्हणजे हे फळ स्वतःच दाह पेटवतं. त्याच फळात द्वि-फ्लॅव्होनॉइडही आहेत. 1980च्या दशकात त्यांतल्या दोघांची नावं 'जीडीफ्लॅव्हॅनोन' आणि 'नल्लाफ्लॅव्हॅनोन' अशी ठेवली गेली. तेलुगू रानाचं नाव असं रेणूवर कोरलं गेलं, याचा मला फार आनंद वाटतो. मद्रास विद्यापीठात दुधात काढलेला बिब्ब्याचा अर्क संधिवात झालेल्या उंदरांना दिला तेव्हा सूज उतरली. स्मृतीला लागणारं अ‍ॅसिटिलकोलिन मोडणाऱ्या एन्झाइमला बिब्ब्याच्या झाडाच्या सालीचा अर्क रोखतो, असं 2007 साली भारतीय वनस्पतींच्या एका चाळणी-प्रयोगात दिसलं.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. इजा झाली, जंतू शिरला, की त्या दाह पेटवतात आणि काम संपलं की शांत होतात. अल्झायमरसारख्या आजारात त्या शांत होत नाहीत, आणि त्यांच्या धगीत शेजारच्या चेतापेशी मरतात. ही धग कमी करणारा पदार्थ आधी रक्तातून मेंदूत शिरायला हवा, नेमक्या मात्रेत टिकायला हवा, आणि बाकीच्या शरीराला न जाळता. उंदराच्या सांध्याची सूज उतरली म्हणून यातलं काहीच आपोआप सिद्ध होत नाही. 'मेंदूसाठी फळांचा अर्क' असा शिक्का मारून बाटल्या विकल्या जातात, तेव्हा म्हणून मला काळजी वाटते. अर्क टरफलाचा की गराचा, शोधन केलेला की कच्चा, पाण्यातला की तुपातला, यावर बिब्ब्याच्या बाबतीत औषध आणि विष यांतला फरक ठरतो. भारतीय औषध नियमांच्या ई-1 अनुसूचीत, विषारी द्रव्यांच्या यादीत, भल्लातक आहे. वैद्याच्या देखरेखीशिवाय तो घ्यायचा नाही.

आणि गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायका आजही हाताला राख नाहीतर तेल चोळून बसतात, तरी रस उडतोच. दाहावरच्या संशोधनाला लागणारं फळ ज्यांच्या हातून येतं, त्यांना हातमोजे आणि कातडीचा उपचार मिळण्यासाठी कुठल्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.