वायुरूप महाग्रहांचा गाभा : एका अनुमानाचा इतिहास

प्रस्तावना

गुरू आणि शनी या वायुरूप महाग्रहांच्या पोटात काय दडले आहे, हा प्रश्न वरकरणी केवळ भौतिकशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात इतिहासाच्या अभ्यासकालाही तो तितकाच जवळचा आहे. हा गाभा कोणी पाहिलेला नाही. त्याविषयीचे सर्व ज्ञान बाह्य खुणांवरून केलेले अनुमान होय. भूतकाळाचे ज्ञानही आपणांस असेच मिळते. असे असताना, गुरूच्या मध्यभागी रेखीव काठाचा खडकाळ गोळा दाखविणारी आकृती विद्यार्थ्यांसमोर सिद्ध सत्य म्हणून ठेवली जाते. प्रस्तुत लेखात या अनुमानाची वाटचाल तपासावयाची असून, महाराष्ट्राचा व विशेषतः वऱ्हाडचा तिच्याशी कोठे संबंध येतो, हेही पाहावयाचे आहे.

प्रत्यक्ष पुराव्याची मर्यादा

प्रत्यक्ष पुराव्याचे उत्तम उदाहरण आपल्याच विभागात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ज्वालामुखीमुळे झाले की अशनीच्या आघातामुळे, हा वाद दीर्घकाळ चालला. सरोवराच्या तळाशी विंधन करून काढलेल्या खडकांत आघाताच्या खुणा आढळल्या आणि 1973 मध्ये फ्रेडरिकसन व सहकाऱ्यांच्या निबंधाने आघाताची बाजू भक्कम झाली. गुरूच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. 7 डिसेंबर 1995 रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या वातावरणात शिरली. सुमारे 58 मिनिटे ती माहिती पाठवीत राहिली आणि साधारण दीडशे किलोमीटर खोलीवर निकामी झाली. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे 71,500 किलोमीटर आहे, हे लक्षात घेता ही कुपी केवळ सालीवर ओरखडा काढून थांबली, असे म्हणावे लागेल.

वस्तुमान आणि प्रकाश यांची साक्ष

पहिली साक्ष वस्तुमानाची होय. उपग्रहांच्या गतीवरून ग्रहाचे वस्तुमान काढण्याची रीत न्यूटनने 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात (1687) घालून दिली. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 318 पट आहे. परंतु त्याची सरासरी घनता पृथ्वीच्या घनतेच्या जेमतेम चौथाई भरते. अर्थात हा ग्रह पृथ्वीसारखा दगड आणि लोखंड यांचा बनलेला नाही. मग तो कशाचा बनलेला आहे, हे केवळ वजनावरून ठरविता येत नव्हते.

दुसरी साक्ष प्रकाशाची, आणि तिचा एक धागा भारतातून जातो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट अभ्यासला. त्याच वर्षी वर्णपटातील एका अपरिचित पिवळ्या रेषेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. लॉकियरने तिचा संबंध नव्या मूलद्रव्याशी जोडला आणि तेच पुढे 'हेलियम' म्हणून ओळखले जाऊ लागले. पृथ्वीवर ते 1895 मध्ये रॅम्झीच्या हाती लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 22 जानेवारी 1898 रोजी, खग्रासाचा पट्टा कोकणातून वऱ्हाडापर्यंत आला. लॉकियर विजयदुर्गावर, पुण्याचे प्रा. नायगमवाला जेऊर येथे, तर ॲनी व वॉल्टर माँडर हे दांपत्य धामणगावजवळील तळणी येथे निरीक्षणासाठी उतरले होते. ॲनी माँडर यांनी तळणीहून टिपलेल्या छायाचित्रांत सूर्याच्या प्रभामंडलातील दूरवर पसरलेला एक किरणपट्टा उमटला. तळणीच्या निरीक्षणाचा गुरूशी थेट संबंध नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि हाती न लागणाऱ्या वस्तूविषयी तिच्या प्रकाशावरून बोलण्याची पद्धत या मोहिमांतूनच रुळली.

हीच पद्धत पुढे गुरूला लावली गेली. 1932 मध्ये रूपर्ट विल्ट याने त्याच्या वर्णपटात मिथेन आणि अमोनिया ओळखले. ही दोन्ही हायड्रोजनयुक्त संयुगे होत. तरीही त्या काळचे चित्र आजच्यापेक्षा बरेच निराळे होते: मध्ये खडक, त्यावर बर्फाचा जाड थर आणि वर हायड्रोजन. 1958 मध्ये डीमार्कसच्या गणिताने गुरू बहुतांशी हायड्रोजनचाच आहे, हे दाखविले आणि गाभा हा एकूण वस्तुमानाचा लहानसा अंश उरला.

चुंबकत्व आणि खोडद

विग्नर व हंटिंग्टन यांनी 1935 मध्येच असे भाकीत केले होते की, प्रचंड दाबाखाली हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक होईल. गुरूच्या अंतर्भागात असा दाब आहे. 1955 मध्ये बर्क व फ्रँकलिन यांना गुरूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी आढळल्या आणि ग्रहाभोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचा सुगावा लागला. हे क्षेत्र अंतर्भागातील धातुरूप हायड्रोजनच्या प्रवाहांतून निर्माण होते, असे आज मानले जाते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या, 45 मीटर व्यासाच्या 30 ॲंटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून येणाऱ्या लहरी टिपल्या आहेत. गुरूच्या पोटातील घडामोडींचा दूरचा पडसाद अशा रीतीने महाराष्ट्राच्या मातीवर नोंदविला गेला.

रेखीव गाभ्याकडून विरळ गाभ्याकडे

गाभ्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो ग्रहजन्माच्या संदर्भात. आधी खडक आणि बर्फ यांचे बीज तयार झाले व त्याने भोवतालचा वायू ओढून घेतला, असा एक सिद्धान्त आहे. या बीजाचे वस्तुमान पृथ्वीच्या साधारण दहापट व्हावे लागते, असे मिझुनोच्या 1980 च्या गणितातून निघाले. त्यामुळे रेखीव गाभा ही सिद्धान्ताची स्वाभाविक अपेक्षा बनली.

जूनो यानाने या अपेक्षेला धक्का दिला. 4 जुलै 2016 रोजी ते गुरूच्या कक्षेत पोहोचले. ढगांच्या अगदी जवळून जाताना त्याच्या वेगात होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून गुरूचे गुरुत्वक्षेत्र मोजण्यात आले. 2017 मध्ये वाल आणि सहकाऱ्यांनी मांडले की, या मोजमापांशी विरळ गाभा अधिक जुळतो. त्यांच्या प्रतिमानांत पृथ्वीच्या 7 ते 25 पट जड द्रव्य हायड्रोजन-हेलियममध्ये मिसळून ग्रहाच्या त्रिज्येच्या तीन ते पाच दशांशांपर्यंत पसरलेले आहे. शनीची साक्ष त्याच्या कड्यांनी दिली. कड्यांतील तरंगांवरून मॅनकोविच व फुलर यांनी 2021 मध्ये शनीचा गाभाही विरळ असून त्रिज्येच्या सुमारे साठ टक्क्यांपर्यंत पसरलेला असल्याचे अनुमान काढले.

गाभा असा कसा पसरला, याविषयी एकमत नाही. एखाद्या मोठ्या ग्रहबीजाच्या समोरासमोरच्या धडकेने तो ढवळला गेला, असे 2019 मध्ये सुचविण्यात आले. तर 2025 मध्ये डरहॅम विद्यापीठातील संशोधकांच्या संगणकीय प्रयोगांत अशा धडकेतून विरळ गाभा तयार झाला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वस्तुमान, प्रकाश, चुंबकत्व आणि गुरुत्वक्षेत्र अशी साक्षीदारांची संख्या वाढत गेली, तसतसे गाभ्याचे उत्तर सोपे न होता अधिक गुंतागुंतीचे झाले. दोन, आधीच्या पिढ्यांची अनुमाने अज्ञानातून आलेली नव्हती. उपलब्ध पुराव्याशी ती प्रामाणिक होती. म्हणून वर्गात गुरूच्या गाभ्याची आकृती काढताना तिच्या काठाची रेघ कोणत्या पुराव्यावर काढली आहे, हे विद्यार्थ्यांना सांगणे अगत्याचे आहे. विज्ञान आणि इतिहास या दोन विभागांनी मिळून शिकवावा असा हा विषय आहे; आणि तळणी व लोणार ही दोन्ही ठिकाणे अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांना अभ्याससहलीच्या अंतरावर आहेत.