महाबाँब, पारंपरिक
अणुऊर्जेचा आधार न घेता केवळ रासायनिक स्फोटकाच्या बळावर मोठा विध्वंस घडविणारे, हजारो किग्रॅ. वजनाचे बाँब. दुसऱ्या महायुद्धापासून बलाढ्य राष्ट्रांत त्यांविषयी स्पर्धा चालू आहे. बाँबच्या वजनाची मर्यादा स्फोटकापेक्षा तो वाहून नेणाऱ्या विमानाने ठरविली, असे या स्पर्धेच्या इतिहासावरून दिसते. भारताने या मर्यादेतून वेगळी वाट काढली व तीत नासिकजवळील ओझर येथील विमान-कारखान्याचा वाटा महत्त्वाचा आहे.

बार्न्स वॉलिस (१८८७–१९७९) या ब्रिटिश अभियंत्याने सु. ९,९८० किग्रॅ. वजनाचा ‘ग्रँड स्लॅम’ बाँब सिद्ध केला. जमिनीत खोल शिरून फुटणे व त्या हादऱ्याने बांधकामाचा पाया खचविणे, हे त्याचे तत्त्व होय. १४ मार्च १९४५ रोजी तो प्रथम जर्मनीतील बीलेफेल्टच्या रेल्वेपुलावर वापरण्यात आला आणि त्या हल्ल्यात पुलाच्या कमानी कोसळल्या. मात्र हा भार पेलण्यासाठी लँकेस्टर विमानाच्या बाँबकक्षाची दारे काढून टाकावी लागली. पुढे अमेरिकेने सु. २० टनांचा ‘टी-१२’ बाँब बनविला; परंतु अण्वस्त्रांच्या युगात त्याचे प्रयोजन उरले नाही व तो युद्धात कधीच वापरला गेला नाही.

इराक युद्धाच्या तोंडावर, ११ मार्च २००३ रोजी, अमेरिकेने फ्लॉरिडात सु. ९,८०० किग्रॅ. वजनाच्या ‘मोॲब’ बाँबची चाचणी घेतली. ‘सर्व बाँबची जननी’ हे त्याचे लोकप्रिय नाव. सप्टेंबर २००७ मध्ये रशियाने आपल्या ऊष्मादाबी बाँबची चाचणी जाहीर करून त्यास ‘सर्व बाँबचा जनक’ म्हटले. या प्रकारात इंधन हवेत पसरते व हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पेटते. त्यामुळे कमी वजनात अधिक ऊर्जा मिळते व दाबतरंग अधिक काळ टिकतो. मोॲबची शक्ती ११ टन टीएनटीइतकी, तर आपल्या बाँबची ४४ टनांइतकी असल्याचा रशियाचा दावा होता; त्याची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही. हीरोशीमावरील अणुबाँबची शक्ती सु. १५,००० टन होती, हे लक्षात घेता या स्पर्धेत सामर्थ्याइतकाच प्रचाराचाही भाग होता. मोॲब १३ एप्रिल २०१७ रोजी अफगाणिस्तानात मालवाहू विमानातून टाकण्यात आला. शत्रूची हवाई संरक्षणव्यवस्था शाबूत असल्यास असे संथ विमान लक्ष्यापर्यंत पोहोचणे अवघड असते.

भारताच्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाची शस्त्रे वाहण्याची एकूण क्षमता सु. ८,००० किग्रॅ. आहे. साहजिकच दहा टनांचा बाँब त्याच्या आवाक्याबाहेरचा ठरतो. ओझरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग-२१ व पुढे मिग-२७ ही विमाने रशियन परवान्याखाली बनविली गेली. सुखोईंची बांधणीही तेथेच झाली. भारत व रशिया यांच्या संयुक्त उपक्रमातील ब्राह्मोस क्षेपणास्त्र या विमानावर बसविण्यासाठी कारखान्याने विमानात यांत्रिक व विद्युतीय फेरबदल केले. संगणकप्रणाली हवाई दलाच्या अभियंत्यांनी तयार केली. २५ जून २०१६ रोजी नासिक येथे सु. २,५०० किग्रॅ. वजनाचे हे क्षेपणास्त्र घेऊन विमानाने पहिले उड्डाण केले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर त्याचा यशस्वी मारा झाला.

ब्राह्मोसचा वेग ध्वनीच्या सु. २·८ पट असतो. वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणून त्यातील स्फोटक महाबाँबच्या मानाने अगदी अल्प असूनही आघात प्रखर होतो. शिवाय ते दुरून सोडता येत असल्याने विमानास शत्रूच्या माऱ्यात शिरावे लागत नाही. विस्तीर्ण क्षेत्र उद्‌ध्वस्त करण्याऐवजी नेमके लक्ष्य भेदण्याकडे हा कल आहे. तथापि लक्ष्याची निवड चुकल्यास अचूक शस्त्रही निरपराधांचा बळी घेते. विमानाचा मूळ आराखडा रशियन असला, तरी परवान्याखाली जोडणी करणाऱ्या कारखान्याने त्यात स्वतः बदल घडविण्याची क्षमता मिळविली, हे नासिकच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.