पाप सर्वांचे, कुंपण काहींना

आदमाने आज्ञा मोडली आणि तो कलंक त्याच्या साऱ्या वंशाला लागला, ही ख्रिस्ती धर्मातील मूळ पापाची कल्पना निर्दय वाटते. केलेल्या कर्माचे फळ समजू शकते. न केलेल्याचे का भोगावे? तरीही सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास पाहिला की माझे मत उलटे होते. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यापेक्षा ही कल्पना कितीतरी न्यायी होती. १८७१चा हा कायदा १९११च्या नव्या रूपात मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, मांगगारुडी अशा जमातींची कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आली. दिवसा गिरणीत राबायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पासाशिवाय हद्द ओलांडायची नाही. एखादी जमात गुन्हेगार ठरवणारी सरकारी अधिसूचना कोर्टातही तपासता येत नसे.

कुंपणाआडच्या या वसाहतींपैकी उमेदपूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. या मिशनची मातृसंस्था बॉस्टनची आणि तिचा वारसा प्युरिटनांचा. माणूस मुळातच पतित आहे, हा त्या परंपरेचा गाभा; पण त्यात पाद्रीही आला, कलेक्टरही आला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल यहुदी आणि परके यांना एकाच रांगेत उभे करतो. म्हणजे हजेरी घेणारा आणि देणारा, दोघेही देवापुढे सारखेच दोषी. कायद्याने हे सर्वांचे पाप मोजक्या जमातींच्या माथी मारले आणि पश्चात्तापाने मिळणारी क्षमा मात्र वगळली. यादीतून नाव कमी होई, पण ती अधिकाऱ्याची मर्जी.

कोणी म्हणेल, दोष रक्तातून येतो हे इंग्रजांना धर्मानेच शिकवले. मला ते पटत नाही. बापाच्या अधर्माचे ओझे मुलावर नाही, असे यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे; कायदा तर सहा वर्षांवरील मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवू देत होता. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मिशनने शाळा काढल्या, रोजगार दिला, पोलिसांच्या जाचापेक्षा हे बरेच होते. होतेच, आणि त्या शाळांतून शिकलेल्यांचे आयुष्य बदलले हेही खरे. पण कायदा मिशनऱ्यांनी लिहिला नसला तरी त्याला नाही म्हणण्याचा आधार त्यांच्याच बायबलात होता. बंदिस्तांच्या आत्म्याची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी कुंपणाच्या पापाचा विचार आधी करायला हवा होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्यानंतरच्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी निदान कागदावर तरी जन्माऐवजी सिद्ध झालेला गुन्हा पाहिला. पोलिसांचा संशय मात्र चोरी झाली की आजही आधी पारध्यांच्या पालाकडे वळतो.