कसोटी, तलचिन्ह आणि चाती

बेंचमार्क हा शब्द आज कारखान्यांच्या आणि बँकांच्या अहवालांत सर्रास येतो. मुळात तो भूमापकांचा आहे. उंची मोजणारे लोक पक्क्या दगडावर किंवा भिंतीवर एक आडवी रेघ कोरत. त्या खाचेत लोखंडी कोन बसवला की मोजपट्टी टेकवायला बाक तयार होई. पुढच्या साऱ्या उंच्या त्या खुणेपासून धरायच्या. मराठीत तिला तलचिन्ह म्हणतात. असे एक तलचिन्ह नागपुरात शून्य मैलाच्या दगडापाशी आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळात, १९०७ साली ते बसवले गेले आणि त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट नोंदवली गेली. समुद्र नागपूरपासून शेकडो मैल दूर. तरी गावातला चढउतार सांगायचा तो त्याच्याच हिशेबाने.

या दगडापासून पूर्वेला, रेल्वेचे रूळ ओलांडून गेले की गांधीबाग लागते. ही नागपूरची घाऊक कापडाची पेठ. ठाऊक असलेल्या मापाशी माल ताडून पाहण्याची सवय या भागात इंग्रजी शब्द येण्याच्या कितीतरी आधीची आहे. लागूनच इतवारीचा सराफा आहे, तिथला कसोटीचा दगड हे तिचे सर्वांत जुने रूप. दागिना काळ्या दगडावर घासला की पिवळी रेघ उमटते. नुसती ती रेघ फारसे काही सांगत नाही. तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढून, दोन्हींवर तेजाब फिरवून, कोणती किती टिकते हे पाहावे लागते. बावनकशी हे विशेषण याच दगडावरून भाषेत आले.

कापडाची कसोटी बोटांत असते. व्यापारी तागा उलगडतो, पन्हा पाहतो, टोक दोन बोटांत चोळून पोत जोखतो. शंका आली तर घडीचे भिंग काढतो. त्याच्या तळाशी एक इंच चौकोनी खिडकी असते. ती कापडावर ठेवून सुईच्या टोकाने ताण्याबाण्याचे धागे मोजायचे. उभ्यांची संख्या म्हणजे रीड, आडव्यांची पीक. या दोन आकड्यांवर दोन गावांचा माल समोरासमोर ठेवता येतो. वजनावर मात्र भागत नाही, कारण विरळ कापडाला भरपूर खळ दिली की तेही हाताला जड लागते. म्हणून जाणकार धुतलेला तुकडा मागतो. तुलनेच्या शास्त्रातली निम्मी अक्कल या मागणीत आहे: आधी दोन्ही वस्तू सारख्या अवस्थेत आणायच्या, मगच मोजायच्या.

हीच गोष्ट गिरणीच्या पातळीवर नागपुरात एकोणिसाव्या शतकातच घडली. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली आणि वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस झपाट्याने बंदराकडे जाऊ लागला. तो तिथे पाठवण्याऐवजी कापसाच्या दारातच सूत काढावे, हा जमशेदजी टाटांचा विचार. १८७४ साली पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली. आज गांधीसागर म्हणतात त्या जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भर घालून गिरणी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल या नावाने सुरू झाली. आरंभी तिच्यात १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या आणि ४५० माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले, सूतकताईचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रजाकडे. पहिली यंत्रे स्वस्तातली होती आणि सूतही तसेच निघाले. ही चूक लपवून न ठेवता यंत्रे बदलली गेली, आणि मालकांची नजर इतरत्र काय चालते याकडे वळली.

त्या शोधात सापडली रिंग चाती. म्यूलमध्ये सूत ओढून पीळ द्यायचा, मग थांबून ते गुंडाळायचे, अशी दोन टप्प्यांची ये-जा असते आणि ती सांभाळायला कसबी माणूस लागतो. रिंगमध्ये एका कड्यावरून बारीकशी धातूची कडी फिरत राहते. पीळ आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता चालते. कल्पना अमेरिकेतली, १८२८ च्या सुमाराची. लँकेशायर मात्र म्यूलवर खूश होते आणि पुढेही कितीतरी वर्षे राहिले. उंची बारीक सुतासाठी त्यांचे बरोबरही होते. विदर्भाच्या आखूड धाग्याच्या कापसातून जाडे सूत काढणाऱ्या गिरणीचा प्रश्न वेगळा होता.

१८८३ मध्ये एम्प्रेस मिलमध्ये दोन रिंग फ्रेम आणून प्रयोग सुरू झाला. त्याची रचना आजच्या व्यवस्थापनाच्या वर्गात उदाहरण म्हणून ठेवावी अशी आहे. कापूस तोच, छप्पर तेच. फरक फक्त चातीचा. एका चातीमागे दिवसाला किती सूत पडते, एवढेच मोजायचे. नफा-तोटा किंवा एकूण उत्पादन यांत दहा कारणे मिसळलेली असतात. चातीमागचे सूत हा आकडा त्या मानाने स्वच्छ. रिंग सरस ठरल्यावर टाटांनी प्लॅट ब्रदर्स या नामांकित कारखान्याकडे ही यंत्रे मागितली. त्यांनी नकार दिला, तेव्हा मागणी ब्रुक्स अँड डॉक्सी या दुसऱ्या इंग्रज कारखान्याकडे गेली. नागपूरच्या गिरणीने सर्वांत नावाजलेल्याचे अनुकरण केले नाही. आपल्या कापसाला काय लागू पडते ते आपल्याच आवारात ताडून पाहिले आणि मगच पैसा ओतला.

पुढची पायरी म्हणजे एका गिरणीतले दुसरीत नेणे. १८८६ मध्ये टाटांनी कुर्ल्याची धरमसी मिल घेतली. तीच स्वदेशी मिल. यंत्रे थकलेली, व्यवहार बुडीत. तिला सावरायला नागपूरच्या गिरणीतली अनुभवी माणसे नेण्यात आली. एकाच मालकाच्या दोन ठिकाणांची तुलना हा प्रकार सर्वांत सोपा समजतात, कारण हिशेबाच्या वह्या उघड्या असतात. पण कुर्ल्याची गिरणी रुळावर यायला बराच काळ आणि पुष्कळ पैसा लागला. रीत माणसांबरोबर जाते, जुन्या यंत्रांत ती आपोआप शिरत नाही.

याच काळात तुलनेचा दुरुपयोगही जोरात होता. मँचेस्टरचा एक कामगार मुंबईच्या दोघा-तिघांइतके काम करतो, असे हिशेब इंग्रज तज्ज्ञ मांडत आणि त्यावरून देशी कामगार आळशी ठरवत. आखूड धाग्याच्या कापसाचे सूत जास्त तुटते, ते सांधायला जास्त हात लागतात आणि मजुरी स्वस्त असल्याने मालकही मुद्दाम जास्त माणसे ठेवतो, या गोष्टी त्या हिशेबात बाजूला पडत. खळ न धुता वजन करण्याचाच हा प्रकार.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कापडधंद्याने स्वतःच्या संशोधन संस्था काढल्या: अहमदाबादची अटिरा, मुंबईची बीट्रा, कोइमतूरची सिट्रा. या संस्थांनी गिरण्यांची आपसांतली तुलना नियमित आणि निर्धोक केली. स्पर्धक एकमेकांना आकडे देत नाहीत. तिसऱ्या, विश्वासाच्या संस्थेला देतात. वीस नंबरचे जाडे सूत काढणाऱ्या गिरणीच्या सुताचे वजन साठ नंबरवालीपेक्षा साहजिकच जास्त भरणार, म्हणून सगळ्यांचे उत्पादन चाळीस नंबरच्या सुतावर रूपांतरित करून दर चातीला आठ तासांच्या पाळीत किती ग्रॅम, असे मांडायची पद्धत पडली. शंभर किलो सुताला किती कामगार-तास लागले, हा दुसरा आकडा. १९५७ पासून उस्टर या स्वित्झर्लंडमधल्या गावाच्या नावाची जागतिक कोष्टके निघू लागली. त्यांत पाच टक्क्यांची रेषा म्हणजे जगातल्या फक्त पाच टक्के गिरण्यांचे सूत इतके किंवा याहून चांगले. पन्नास टक्क्यांची रेषा म्हणजे मधोमध. गिरणीतला माणूस आजही सुताची प्रत याच टक्क्यांत सांगतो.

या सगळ्याला व्यवस्थापनशास्त्रात बेंचमार्किंग हे नाव मिळाले ते झेरॉक्स कंपनीमुळे. १९७९ च्या सुमारास तिच्या लक्षात आले की आपल्याला एक यंत्र बनवायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात जपानी कंपन्या ते विकतात. तिने आधी जपानमधल्या आपल्याच भागीदार कंपनीशी भागाभागाने तुलना केली, मग स्पर्धकांशी. आणि गोदामातून माल उचलण्याच्या कामासाठी एल. एल. बीन या टपालाने कपडे आणि सहलीचे सामान विकणाऱ्या अमेरिकी कंपनीकडे गेली. यंत्र बनवणाऱ्याने कपडेविक्याकडून शिकावे, ही त्यातली नवी गोष्ट: धंदा निराळा असला तरी काम तेच असू शकते. त्या कामात असलेल्या रॉबर्ट कॅम्प यांचे पुस्तक १९८९ मध्ये आले. त्यानंतर कोणते काम तपासायचे ते ठरवणे, कोणाशी ताडायचे ते निवडणे, दोघांतली तफावत मोजणे, तिचे कारण जागेवर जाऊन शोधणे, बदल करणे आणि पुन्हा मोजणे हा क्रम रूढ झाला. बहुतेक संस्था तिसऱ्या पायरीवर थांबतात. तफावतीचा तक्ता सभेत दाखवणे सोपे असते. चौथ्या पायरीला दुसऱ्याच्या दारात शिकाऊ म्हणून उभे राहावे लागते.

टाटा समूहाने १९९५ मध्ये अमेरिकेच्या बाल्ड्रिज पुरस्काराच्या धर्तीवर आपल्या कंपन्यांसाठी जे. आर. डी. टाटांच्या नावाचा गुणवत्ता पुरस्कार सुरू केला. १००० पैकी ६०० गुणांची रेघ आखलेली होती, आणि ती ओलांडणारी पहिली कंपनी, टाटा स्टील, २००० साली मिळाली. तोवर एम्प्रेस मिल समूहात उरली नव्हती. १९८६ मध्ये ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. यंत्रमागाचे कापड स्वस्त पडत होते, जुन्या गिरण्यांचा स्थिर खर्च मोठा होता, आणि ज्या चातीने ती एकेकाळी पुढे गेली होती ती तोवर सगळ्यांकडे आली होती.

गांधीबागेत आता सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे तागे येतात. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी बावन पिकांच्या कापडाला मीटरमागे अमुक पैसे, अशी ठरते. त्याहून दाट किंवा विरळ विणीचा दर त्या प्रमाणात काढायचा. बावनकशीतल्या बावनाशी त्याचा काही संबंध नाही, योगायोग आहे. पेठेत त्याच ताग्याचे टोक भिंगाखाली येते, आणि सुईचे टोक एका इंचातले आडवे धागे मोजत जाते.