पेशी : एका शब्दाच्या दोन वंशावळी

हिंगोलीच्या न्यायालयात ‘पेशी’ म्हणजे सुनावणी; शाळेतल्या फळ्यावर ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक. पहिली फारसी ‘पेश’पासून आलेली, निजामी कचेरीतून रुळलेली. दुसरी संस्कृत. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी मोजल्या आहेत, पण त्या मांसाच्या. हिंदीने हा जुना अर्थ ‘मांसपेशी’त राखला आणि सूक्ष्म घटकाला ‘कोशिका’ म्हटले. मराठीने मांसपेशीसाठी ‘स्नायू’ योजून ‘पेशी’ मोकळी केली; तरी मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’च स्वीकारली. पाठ्यपुस्तके आणि विश्वकोश यांची ही फारकत आपल्याकडे फारशी कुणाला खटकली नाही, हे नवलच.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात जे पाहिले त्या रिकाम्या कोठड्या होत्या, म्हणजे मृत वनस्पतीच्या पेशीभित्तिका. प्राण्यांच्या पेशीला ही भिंत नसतेच. हूकला त्या रचनेवरून मधाचे पोळे आठवले होते. उर्दूतला ‘खलिया’ हा शब्दही ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचा अर्थ मधमाश्यांचे पोळे असा होतो.

उर्दूचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. १९४८पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी खास भाषांतरविभाग शास्त्रीय परिभाषा घडवीत होता. तेथे विज्ञान शिकणाऱ्या मराठी मुलाला ते परक्या, तरी देशी भाषेत मिळे. संस्थान विलीन झाल्यावर उस्मानियात इंग्रजी आली. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि शालेय विज्ञानाला मराठी परिभाषा लाभली.

ही परिभाषा घडवणाऱ्यांचे ऋण साहित्याच्या इतिहासाने मानलेले नाही. बेंडाने १८९८ साली ग्रीक ‘धागा’ आणि ‘कण’ जोडून जे नाव दिले, तेच आपली ‘तंतुकणिका’. अन्नातून ऊर्जा मुक्त करण्याचे काम ती वनस्पती आणि प्राणी दोघांतही करते. द दूव्हने १९५५ साली नाव दिलेल्या अंगकाला ‘लयकारिका’ म्हणणे तर मुळाहून सरस, कारण निरुपयोगी घटकांचा लय करणे हेच तिचे काम. वनस्पतीत ते बरेचसे रिक्तिका करते.

‘रिक्तिका’ मात्र फसवते. ती रिक्त नसते. वनस्पतीच्या पेशीत रसाने भरलेली आणि ताठरपणा देणारी असते. प्रौढ पेशीत ती इतकी फुगते की ‘केंद्रक’ केंद्र सोडून कडेला सरकते! १८३१ साली ब्राउनने ऑर्किडच्या पेशींतून जे पुढे आणले, त्याला त्याने बीजातल्या गराचे नाव दिले होते. केंद्र आपण आणले.

तंतुकणिका आणि वनस्पतीत प्रकाशसंश्लेषण करणारे हरितलवक यांचा स्वतःचा डीएनए असतो. कोणे एके काळी दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेल्या जीवाणूंचे ते वंशज, हे लिन मार्ग्युलिसने १९६७ साली मांडले आणि पुढे ते मान्य झाले. म्हणजे पेशीलाही वंशावळी एकाहून अधिकच.

दहावीपर्यंत हिंगोलीतला मराठी माध्यमाचा विद्यार्थी हे शब्द वापरतो. अकरावीला विज्ञानशाखेत गेला की इंग्रजी पुस्तक हाती येते, आणि लयकारिका मागे राहते.