वेताळाची पाठशाळा

परभाषा बोलायला शिकविण्यासाठी मृतांना पाचारण करावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटते. तथापि कुमारवयीन मुलांना इंग्रजी संभाषण शिकविणारे अनेक शिक्षक अलीकडे हेच करीत आहेत. वर्गात घोषणा होते की, गावातली प्रेते उठून चालू लागली आहेत. मग चौघाचौघांच्या गटाने ठरवायचे : आसरा कोठे घ्यायचा, बरोबर कोणत्या पाच वस्तू घ्यायच्या, दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसाला आत घ्यायचे की नाही. हे सारे अर्थातच इंग्रजीतून. या चालत्या प्रेतांना 'झोंबी' म्हणतात. आमच्या काही सहकाऱ्यांना हा प्रकार पोरखेळ वाटतो, तर काहींना पाश्चात्त्य चित्रपटांचे अनुकरण. या दोन्ही आक्षेपांचा विचार करू लागलो, तेव्हा आमच्या ध्यानात आले की भूत आणि भाषाशिक्षण यांचे नाते हॉलिवूडपेक्षा फार जुने आहे, आणि त्याचा एक धागा थेट मराठवाड्यात, गोदावरीच्या काठी येऊन पोहोचतो.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'च्या आरंभी प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाची एक आख्यायिका आहे. जलक्रीडा चालू असताना राणी राजाला संस्कृतात म्हणाली की, माझ्यावर पाणी उडवू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांची संधी राजाला उमगली नाही. त्याने 'मोदक' ऐकले आणि तत्परतेने मोदक मागविले. राणी हसली. त्या हसण्याने राजा इतका खचला की त्याने सर्वांशी बोलणेच टाकले. पुढे गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवीन. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करण्याची प्रतिज्ञा गुणाढ्याने केली, आणि तो हरला. 'कातंत्र' हे सुटसुटीत व्याकरण याच निमित्ताने जन्मले, असे परंपरा सांगते.

हरलेला गुणाढ्य मौन धरून विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाच्चे आपापसांत बोलत होती. ते संभाषण ऐकत ऐकत तो त्यांची भाषा शिकला आणि त्या पैशाची भाषेत त्याने 'बृहत्कथा' रचली. शाई नव्हती म्हणून ती स्वतःच्या रक्ताने लिहिली, असेही कथा सांगते.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे; परंतु भाषा शिकण्याच्या दोन वाटा तिने नेमक्या समोरासमोर ठेवल्या आहेत. राजाची वाट लज्जेतून सुरू होते आणि व्याकरणापाशी संपते. गुणाढ्याची वाट भुतांच्या गप्पा ऐकण्यातून सुरू होते आणि कथेपाशी पोहोचते. भुतांसमोर चुकल्यास हसणारे कोणी नसते, एवढे येथे ध्यानात ठेवू.

याच ग्रंथात वेताळाच्या कथा आहेत, आणि त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हाही प्रतिष्ठानचाच राजा आहे. लोकपरंपरेने पुढे त्याला विक्रमादित्य केले. स्मशानातल्या शिंशपेच्या झाडाला लटकलेले प्रेत त्याने खांद्यावर घ्यायचे आणि न बोलता एका भिक्षूकडे पोहोचवायचे, असा संकेत असतो. प्रेतात वेताळ शिरलेला आहे. तो वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शंभर शकले होणार; आणि तो बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. अशा रीतीने राजाला एकामागून एक उत्तरे द्यावी लागतात. मराठी वाचकाला हा सांगाडा बालपणापासून परिचित आहे. मात्र या सांगाड्याचा भाषाशिक्षणासाठी प्रत्यक्ष उपयोग झाला, आणि तोही कुमारवयीन विद्यार्थ्यांसाठी, हे फारसे सांगितले जात नाही.

लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत येणारी इंग्रज मुले बहुतेक सोळा ते अठरा वर्षांची असत. ज्या मुलखाचा कारभार त्यांना पाहायचा होता, त्याची एकही भाषा त्यांना येत नसे. त्यांच्यासाठी पुस्तके तयार करण्याचे काम मुनशी आणि पंडित यांच्याकडे आले. मजहर अली खान विला आणि लल्लूलाल यांनी ब्रजभाषेतील वेताळकथा हिंदुस्तानीत आणल्या, आणि १८०५ साली 'बैताल पचीसी' छापून निघाली. त्याच वर्षी, त्याच कॉलेजात शिकविणाऱ्या विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण श्रीरामपूरहून प्रसिद्ध झाले. त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते. पुढे १८१४ साली वैजनाथ पंडितांची मराठी 'सिंहासन बत्तिशी' तेथूनच निघाली. एकाच वर्षी निघालेल्या त्या दोन पुस्तकांत भाषाशिक्षणाच्या दोन पद्धती शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे नित्यव्यवहाराचे संवाद, दुसरीकडे प्रेताने घातलेले कोडे. संभाषणाच्या पुस्तकांचा आजचा वर्गही याच दोन टोकांमध्ये हेलकावत असतो.

'बैताल पचीसी'ला दीर्घ आयुष्य लाभले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८४७ साली तिचे बंगाली रूप केले, तेही फोर्ट विल्यमच्या विद्यार्थ्यांसाठीच. इंग्लंडमध्ये हेलीबरीच्या कॉलेजात कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना शिकविणाऱ्या ईस्टविकने १८५५ साली तिची एक आवृत्ती संपादित केली. तीत प्रत्येक नागरी शब्दाखाली तोच शब्द फारसी लिपीत आणि ओळीखाली शब्दशः इंग्रजी अर्थ होता. म्हणजे भारताचा किनाराही न पाहिलेली इंग्रज मुले हर्टफर्डशरमध्ये बसून, पैठणच्या राजाच्या खांद्यावरील प्रेताच्या साहाय्याने हिंदी शिकत होती!

आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' आणि 'इसपनीती', तर १८३० साली 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली. आरंभीच्या मराठी गद्याची घडण ज्या पुस्तकांतून झाली, त्यांत नीतीच्या जोडीला वेताळही बसलेला होता, हे विसरता येत नाही.

वेताळच का निवडला गेला? पुस्तक हाताशी होते आणि लोकप्रिय होते, हे कारण आहेच. पण रचनेतही एक गुण आहे. प्रत्येक कथा प्रश्नाने संपते, आणि तो प्रश्न वादाचा असतो. मंदारवतीची कथा पाहा. तिला तीन जणांनी मागणी घातलेली असते आणि ती अकाली मरते. एक जण तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. ती कोणाची पत्नी? राजा म्हणतो : जिवंत करणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान, राखेची सोबत करणारा तोच पती. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही, आणि पटत नाही म्हणूनच श्रोता तोंड उघडतो. तो व्याकरणाचा नियम आठवत बसत नाही, कारण त्याला प्रतिवाद करायचा असतो.

आता झोंबीकडे वळू. हा प्राणी हैतीच्या बेटावरचा. उसाच्या मळ्यांत राबविल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या स्मृतीत त्याची मुळे आहेत. मेल्यावरही ज्याची वेठ सुटत नाही, ज्याला इच्छा नाही आणि वाचा नाही, असा तो मजूर. सीब्रुकच्या १९२९ सालच्या पुस्तकाने त्याला अमेरिकेत नेले आणि जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या चित्रपटाने त्याला आजचे रूप दिले. त्या चित्रपटात प्रेतांइतकाच महत्त्वाचा आहे तो एका घरात अडकलेल्या माणसांचा वाद : तळघरात लपायचे की वर थांबून दारे-खिडक्या बंद करायच्या? वेताळ बोलतो, म्हणून राजाला उत्तर द्यावे लागते. झोंबी बोलत नाही, म्हणून माणसांना एकमेकांशी बोलावे लागते. शिक्षकाच्या दृष्टीने दोघांचे कार्य एकच, संभाषण अटळ करणे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ साली झोंबींच्या काल्पनिक हल्ल्याचे निमित्त करून नागरिकांना आपत्तीची पूर्वतयारी शिकविली. तीही याच युक्तीची साक्ष आहे.

भाषेच्या अंगानेही हा खेळ वाटतो तेवढा पोकळ नाही. 'ते आले तर आपण काय करू', 'आपण गच्चीवर जायला हवे', 'तो चावला गेला असावा' : जर-तरची वाक्ये, विध्यर्थ, शक्यता, कर्मणी प्रयोग ही इंग्रजीतली सगळी अवघड वळणे येथे गरजेपोटी येतात. जळकोटच्या मुलांपुढे हा प्रसंग मांडायचा झाला तर लंडनची गल्ली हवीच कशाला? शाळेची गच्ची आहे, आडतीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी आहे, उदगीरकडे जाणारी एसटी आहे, कोरडी विहीर आहे. एसटी चालवायची कोणी आणि म्हाताऱ्या आजीला पाठीवर घ्यायचे कोणी, यावर चार मुले भांडू लागली की मोडकेतोडके का होईना, इंग्रजी वाहू लागते.

येथे एका गंभीर आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. ज्या भागात आजही अंगात येणे, करणी, भानामती यांच्या नावाने माणसे, विशेषतः स्त्रिया, छळली जातात, तेथे वर्गात भूत आणावे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आला. तो इतिहास आपण विसरू शकत नाही. आमचे मत असे की, नेमक्या याच कारणासाठी मुंजा, हडळ किंवा खवीस यांच्यापेक्षा झोंबी बरा. तो कोणाच्या अंगात येत नाही, त्याच्या नावाने कोणी कोंबडे मागत नाही, त्याचा उतारा देणारा देवऋषी नाही. तो उघड उघड कल्पित आहे, आणि कल्पित गोष्टीला कल्पित म्हणून हाताळायला शिकणे हे अंधश्रद्धेचे पोषण नसून तिच्यावरचा उताराच आहे. २०२२ साली 'झोंबिवली' या मराठी चित्रपटाने झोंबींना डोंबिवलीत आणले, तेव्हा प्रेक्षक घाबरत घाबरत हसले. हे हसणे राणीच्या हसण्यापेक्षा वेगळे होते.

त्या दुसऱ्या हसण्याचाच प्रश्न आमच्या परिसरात आजही जिवंत आहे. जळकोट तालुका १९९९ साली अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग उदगीर-अहमदपूरचा, आणि १९५६ पर्यंत तर बीदर जिल्ह्यातला. निजामी राजवटीत सरकारदरबारी उर्दू, घरात मराठी, सीमेवर कानडी आणि तेलुगू. अनेक भाषांच्या शेजारात राहण्याची सवय या मातीला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. दहा वर्षे इंग्रजी शिकून मुले महाविद्यालयात येतात. निबंध लिहितात, रिकाम्या जागा भरतात, उताऱ्यावरील प्रश्न सोडवितात. परंतु लातूरच्या, पुण्याच्या मुलाखतीत एक साधा प्रश्न आला की मान खाली जाते. त्यांना शब्द ठाऊक नसतात असे नाही. ठाऊक असतात, आणि उच्चार चुकेल, कोणी हसेल, 'खेड्यातला आहे' असे म्हणेल, ही भीती त्या शब्दांवर बसलेली असते. या भीतीपायी हातची नोकरी जाते, कधी पुढचे शिक्षण सुटते. ही हानी मोजली जात नाही, कारण ती मौनात होते.

एक भीती दुसऱ्या भीतीला हटविते, हा या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ आम्हांस वाटतो. दारावर प्रेत आले आहे असे मानून चालणारा मुलगा आपल्या उच्चाराकडे पाहत नाही. क्षणभर का होईना, त्याचे लक्ष स्वतःवरून उडून प्रसंगावर जाते. व्याकरणाला याने रजा मिळते असे नाही. शर्ववर्म्याचे कामही करावेच लागते. पण ते राणीच्या हसण्याच्या धाकाने करण्याची गरज नाही.

वेताळाच्या अटीत एक बारकावा आहे, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. डोके फुटणार ते ठाऊक असूनही न बोलणाऱ्याचे. अखेरच्या कथेनंतर प्रश्न असा येतो की त्याचे उत्तर राजाला खरोखरच सुचत नाही. बाप मुलीशी आणि मुलगा आईशी विवाह करतो, त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय? राजा मुकाट्याने चालत राहतो. वेताळ त्याला शिक्षा करीत नाही. उलट प्रसन्न होतो आणि त्या कपटी भिक्षूपासून सावध करून त्याचा जीव वाचवितो. न येणाऱ्याचे मौन आणि येऊनही न बोलणाऱ्याचे मौन, या दोहोंत वेताळाने भेद केला. आमच्या वर्गांत दोघांनाही एकाच पट्टीने मोजले जाते, आणि ज्याचे ओठ केवळ भीतीने मिटले आहेत त्याला 'येत नाही' असा शेरा मिळतो. हा भेद ओळखण्यापुरते तरी शिक्षकाने वेताळाचे शिष्यत्व पत्करायला हरकत नाही.